सुतार वडिलांसोबत तोरणमाळची सहल



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आपण मुलांना एक निबंध हमखास देतो. ‘मी पाहिलेले थंड हवेचे ठिकाण’. मुलं काय लिहितात ते तुम्हाला माहीतच आहे. नागमोडी घाट, गार वारा, निळाशार तलाव, सूर्यास्त, आणि शेवटी ‘ही सहल मी कधीच विसरणार नाही’. यात मुलांचा दोष नाही. हे मुद्दे फळ्यावर आपणच लिहून देतो. मीसुद्धा कितीतरी वर्षं तेच लिहून देत आले.

यंदा मात्र मला वेगळे मुद्दे मिळाले. ते सांगणारा माणूस सातवी शिकलेला आहे, पेशाने सुतार आहे, आणि तो माझा बाप आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

पेटी भंगारात निघाली होती

शिंदखेडा तालुक्यातलं आमचं गाव लहान आहे. आबांनी तिथे चाळीसेक वर्षं सुतारकाम केलं. बैलगाड्या, नांगर, वखर, तिफणी, दारं, खिडक्या, पाळणे सगळं केलं. माझ्या डी.एड.ची फी त्यांनी एका वाड्याच्या दारांच्या मजुरीतून भरली. पुढे गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. लाकडी दारं गेली, प्लायवूडची आणि लोखंडी दारं आली. भाऊ सुरतला कामाला गेला. आई गेली. मग आबांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि ठोकाठोकी कायमची थांबली.

दसऱ्याच्या आधी मी माहेरी गेले, तर ओट्यावर हत्यारांची पेटी उघडी. करवती, रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिट, गुण्या, खतावणी सगळं मांडून ठेवलेलं. आबा खाली मान घालून पटाश्यांच्या मुठी ठोकून काढत होते.

“आबा, हे काय करताय?”

“भंगारमा दी टाकस. त्यानी सांगं, लाकूडनं वजन धरत नही, निस्तं लोखंड दे. म्हनीसन मुठी काढी ऱ्हायनू.”

भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. वाचकहो, खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, घरातली अडगळ कमी होईल. मीसुद्धा शिक्षिका! वर्गात मुलांना ‘श्रमप्रतिष्ठा’ शिकवणारी. नऊपैकी चार मुठी काढून झाल्या होत्या. आबांनी त्या एका फडक्यात वेगळ्या बांधल्या होत्या. “ह्या नही देनार,” म्हणाले. त्या त्यांनी स्वतः तासल्या होत्या. पंचवीस-तीस वर्षांच्या घामाने गुळगुळीत झाल्या होत्या. ते गाठोडं पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. “थांबा, दिवाळीनंतर बघू,” एवढंच म्हणून मी पेटी बंद केली.

दिवाळीत आमच्या ह्यांनी तोरणमाळची सहल काढली. मी म्हटलं, आबांना घेऊन जाऊ.

“तठे काय शे?” आबा म्हणाले.

“डोंगर आहे, तलाव आहे, गार हवा आहे.”

“हवा ते घर बी शे.”

शेवटी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने हट्ट धरला, म्हणून निघाले.

पहिलं ठिकाण : घाटाखालची झाडं

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, साधारण १,१५० मीटर उंचीवर आहे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग आपल्या धुळे जिल्ह्यातच होता. आम्ही दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा या रस्त्याने गेलो. शहाद्यापासून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर आहे.

सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडताना आबा पहिल्यांदा बोलले. तिथली दत्तजयंतीची यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे, हे आपण जाणतोच. आबांना घोडे आठवले नाहीत. त्यांना आठवलं ते हे, की लहानपणी ते त्यांच्या वडिलांबरोबर गाडीत जू आणि चाकं भरून या यात्रेला आले होते, आणि येताना गाडी रिकामी होती.

शहादा सोडल्यावर डोंगर जवळ यायला लागला. आम्ही घाटाची वाट बघत होतो. घाटाच्या अलीकडेच आबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, “गाडी उभी करा.”

आम्हाला वाटलं, त्यांना मळमळतंय. ते उतरले आणि सरळ एका झाडापाशी गेले. सालीवर हात फिरवला. “हाऊ अंजन शे.”

तिथे रस्त्याकडेला त्यांनी अर्धा तास शाळा घेतली. ती मी तुमच्यासाठी थोडक्यात लिहून ठेवली आहे.

अंजन : पान आपट्यासारखं दोन पाळ्यांचं. लाकूड इतकं जड आणि घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. आबा म्हणाले, अंजनावर करवत चालवली की आधी करवतीला धार लावावी लागते, मग सुताराला.

धावडा : कुऱ्हाडीचे दांडे, हत्यारांच्या मुठी, गाडीचा कणा. चिवट लाकूड, धक्का सोसतं. आपण हिवाळ्यात डिंकाचे लाडू खातो ना, तो डिंकही धावड्याचा असतो.

तिवस : जू, नांगर, गाडीचे भाग. फुलला की झाड गुलाबी दिसतं.

हळदू : नावाप्रमाणे पिवळसर लाकूड. मऊ, बारीक पोताचं. पूर्वी कंगवे आणि कातकामाच्या वस्तू याच्या होत.

सालई : नरम लाकूड, खोक्यांना चालतं. याचा डिंक धूप म्हणून जाळतात.

आणि साग. सागाचं एक कोवळं पान तोडून आबांनी नातवाच्या तळहातावर चोळलं. हात लालभडक झाला! पोरगा ओरडलाच, “आई, रक्त!” आबा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. सागाच्या कोवळ्या पानात लाल रंग असतो, हे मला डी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरं ठिकाण : कापलेला बुंधा

सातपायरीच्या घाटाने वर चढलो. वळणं एकावर एक रचल्यासारखी आहेत, म्हणून हे नाव. वर यशवंत तलाव आहे. सगळे लोक तलावाकडे तोंड करून फोटो काढत होते. आबा तलावाकडे पाठ करून उभे होते. त्यांना एक जुना, कापलेला सागाचा बुंधा दिसला होता.

“ये आठे, मोज,” ते नातवाला म्हणाले.

सागाच्या लाकडात वर्षाची वर्तुळं स्पष्ट दिसतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड जोमाने वाढतं तेव्हा मोठ्या छिद्रांचं लाकूड तयार होतं, पुढे वाढ मंदावली की छिद्रं बारीक होतात. एक वर्ष संपतं, एक वर्तुळ पुरं होतं. मुलाने बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. एकेचाळीसपर्यंत मोजलं, पुढचा भाग कुजला होता. काही वर्तुळं रुंद, काही इतकी अरुंद की नख ठेवायला जागा नाही.

“हे बारीक काय?”

“त्या सालले पानी कमी पडं व्हई.”

दुष्काळ लाकडात लिहिलेला असतो, हे आपण पुस्तकात वाचतो. इथे माझ्या मुलाने तो बोटाने वाचला. बुंध्याच्या बाजूने सागाचे नवे फुटवे आले होते. साग तोडला तरी बुडातून पुन्हा फुटतो. आबांनी त्या फुटव्यांना पाय लागणार नाही अशा बेताने मुलाला बाजूला घेतलं.

शिक्षक मित्रांनो, सहलीत असा बुंधा दिसला तर पंधरा मिनिटं तिथे द्याच. गणित, परिसर अभ्यास, भूगोल, तिन्ही एकाच बुंध्यावर होतात.

तिसरं ठिकाण : सिमेंटचा साग आणि खरं दार

मग आम्ही पॉइंट बघितले. सीताखाई, खडकी पॉइंट. दरी खरंच पाहण्यासारखी आहे, त्यात वाद नाही. एका ठिकाणी दरीकडेला कठडा होता. झाडाच्या ओंडक्यांचा असावा तसा, साल, गाठी, सगळं. आबांनी त्यावर बोटाने टकटक केली. मग कान लावला. मग आमच्याकडे बघून म्हणाले, “सिमेंटना साग!”

तुम्हीही असे तपकिरी रंगवलेले सिमेंटचे ओंडके बागांत आणि डोंगरावर बघितले असतील. मी कितीदा बघितले, टेकून फोटोही काढले. त्यावर टकटक करायचं मला कधी सुचलं नव्हतं.

परत येताना एका जुन्या इमारतीचं दार दिसलं. कुलूप होतं, आत जायला मिळालं नाही. आबांना आत जायचंच नव्हतं. दाराच्या चौकटीपाशी ते उकिडवे बसले.

“खिळा देखाडा माले.”

आम्ही तिघांनी शोधलं. एकही खिळा नाही. उभ्या लाकडाला खाच पाडलेली, आडव्या लाकडाचं टोक कोरून कूस केलेली, कूस खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली. बस्स. मी विचारलं, खिळा का नाही मारला? तेव्हा आबांनी सांगितलं, की लोखंड गंजतं, गंजलं की भोवतालचं लाकूड खातं, आणि एवढ्या पावसाच्या जागी खिळ्याचं दार लवकर खिळखिळं होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी मला बोट लावून दाखवली. दाराच्या मधल्या फळ्या चौकटीला चिकटवलेल्या नव्हत्या. चौकटीत खोबण होती आणि फळीची कड त्यात नुसती सरकवलेली होती. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. फळीला चारही बाजूंनी जखडलं तर ती तडकते. म्हणून तिला खोबणीत हलायला थोडी जागा सोडायची असते. आबा म्हणाले, जागा सोडायला शिकायला त्यांना दोन वर्षं लागली. त्यांच्या वडिलांनी त्यासाठी दोन तडकलेली दारं त्यांच्याकडून पुन्हा करून घेतली होती.

मला वर्गातली काही मुलं आठवली. त्यांना मी चारही बाजूंनी जखडत असते, हेही आठवलं. असो.

चौथं ठिकाण : पावरा कुटुंबाचं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायी फिरायला निघालो. तोरणमाळच्या आसपास पावरा आणि भिल्ल समाजाचे पाडे आहेत. घरं एकमेकांना चिकटून नसतात, प्रत्येक घर आपल्या शेतात असतं. एका घरापाशी एक बाबा ओट्याजवळ बसून काहीतरी तासत होते. आम्ही राम राम केला. त्यांनी बसायला बाज टाकली. एवढं झाल्यावर आबांनी मला न विचारता घर ‘वाचायला’ सुरुवात केली.

मधले खांब सागाचे. त्यांची वरची टोकं नैसर्गिक बेळक्याची, म्हणजे दोन फांद्या फुटतात तिथेच कापलेली. त्या बेळक्यात आढं ठेवलेलं. सांधा कोरायची गरजच नाही, सांधा झाडानेच करून दिलेला. भिंती बांबू चिरून विणलेल्या, त्यावर माती-शेणाचा लेप. वर कौलं. आत गेल्यावर गारवा जाणवला, तो त्या कुडाचा.

“हाऊ खांब किती सालना व्हई?” आबांनी विचारलं.

त्या बाबांना अहिराणी कळत होती. ते पावरी बोलीत बोलले, थोडं मराठीत बोलले. खांब त्यांच्या आज्याच्या घराचा होता. जुनं घर मोडलं, खांब नव्या घरात आला. आबांनी मान डोलावली. सागाच्या लाकडात अंगचं तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. विटा-सिमेंटचं घर पाडलं की ढिगारा उरतो. या घराचा खांब तिसऱ्या पिढीच्या घरात उभा होता.

आढ्याला एक मोठा ढोल टांगलेला होता. होळीच्या दिवसांत सातपुड्यात हे ढोल घुमतात. काठीची राजवाडी होळी तर तुम्ही ऐकली असेलच. आबांनी ढोलाच्या आत बोट घालून बघितलं. एकाच खोडाचा, आतून पोखरलेला, कुठे जोड नाही. “आतून सारखा तासलेला शे,” ते हळूच म्हणाले. सुताराने दुसऱ्या कारागिराला दिलेली शाबासकी अशी असते.

पाचवं ठिकाण : नांगराचं रुमणं

ते बाबा जे तासत होते ते नांगराचं रुमणं होतं. रुमणं म्हणजे नांगराची उभी मूठ, जी शेतकरी हातात धरतो. इकडे उतारावरच्या तुकड्यात ट्रॅक्टर जात नाही. म्हणून लाकडी नांगर अजून चालतो. हाळीस, रुमणं, जू, शिवळा, हे शब्द माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांनाही आता माहीत नाहीत.

आबा बराच वेळ बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला. बाबांनी काही न बोलता वाकस त्यांच्या हातात दिला.

वाचकहो, इथे मला लिहावंसं वाटतं की हत्यार हातात आलं आणि हाताचा कंप थांबला. तसं झालं नाही. पहिला घाव तिरका गेला. दुसरा त्याहून तिरका. लाकडाला नको तिथे खपली गेली. आबांनी वाकस खाली ठेवला. “आते हातमा जोर नही ऱ्हायना,” ते म्हणाले. मी दुसरीकडे बघितलं.

त्या बाबांनी वाकस उचलला नाही. त्यांनी रुमणं आणि हाळीस दोन्ही आबांच्या पुढ्यात सरकवली आणि सांध्यावर बोट ठेवलं. सांधा ढिला होत होता. त्यांनी तिथे चिंधी कोंबली होती.

आबांनी सांधा डोळ्याजवळ नेला. उलटा केला. म्हणाले, खाच बरोबर आहे, पाचर चुकली आहे. लाकडाच्या रेषा उभ्या जायला हव्यात, इथे आडव्या जातात, म्हणून ती ठोकली की फुटते. मग आबा सांगत गेले आणि बाबा करत गेले. पाचर केवढी, उतार किती, कोणत्या बाजूने ठोकायची. दोघांच्या बोली वेगळ्या. पण मधे मला एकदाही भाषांतर करावं लागलं नाही. पाचर बसली. बाबांनी रुमणं धरून हलवून बघितलं. हललं नाही.

निघताना त्यांनी आबांना धावड्याचा एक ओंडका देऊ केला, मुठी करायला. आबांनी हात जोडले, पण घेतला नाही. इथे एक सूचना सगळ्यांसाठी. जंगलातून लाकूड आणायला वनखात्याचा वाहतूक पास लागतो. आठवण म्हणूनही ओंडका, फांदी आणू नका. पडलेलं पान, फळ वहीत ठेवा, तेवढं पुरे.

गाडीत बसल्यावर आबा म्हणाले, “मुठी शेतस घर.” मुठी आहेत घरी. मला कळलं ते कशाबद्दल बोलतायत. ह्यांना कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

लांब जाणं जमत नसेल तर

परतीच्या वाटेवर आबांनी आणखी ठिकाणं सुचवली, काही मी शोधली. सुताराला, किंवा ज्यांच्या घरात सुतार आहे त्यांना, उपयोगी पडतील.

जळगावकरांसाठी रावेर तालुक्यातलं पाल. सातपुड्यातलंच, सुकी नदीकाठचं, यावल अभयारण्याजवळचं थंड हवेचं ठिकाण. सागाचं जंगल बघायला उत्तम.

धुळेकरांसाठी साक्री तालुक्यातलं बारीपाडा. उजाड झालेलं जंगल गावाने स्वतः राखून पुन्हा उभं केलं, सुमारे साडेचारशे हेक्टर. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लाकूड वापरणाऱ्याने लाकूड वाढवणाऱ्यांना एकदा भेटावंच.

आग्रा रोडने नाशिककडे जात असाल तर डोंगराच्या कुशीतलं चांदवड. तिथला होळकरांचा रंगमहाल, लाकडी खांब आणि त्यावरचं कोरीवकाम.

आणि डोंगर नकोच असेल तर आपले रथ. जळगावचा श्रीराम रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो. धुळ्यात खोलगल्लीतला बालाजीचा रथ दसऱ्यानंतरच्या एकादशीला. गर्दीत सगळे मूर्तीचं दर्शन घेतात, ते घ्याच. पण एकदा खाली चाकांकडेही बघा. एवढा अवजड रथ उतारावर थांबवतात, वळवतात, ते चाकाखाली लाकडाची मोगरी लावून. मोगरी लावणारा माणूस चाकाच्या अगदी पुढ्यात असतो. आबा तरुणपणी तासन्‌तास तेवढंच बघत उभे राहायचे.

कधी हिमाचलला जाण्याचा योग आला, तर मनालीचं हिडिंबा मंदिर बघा. १५५३ सालचं, देवदार लाकडाचं. त्या भागातली जुनी घरं दगडाचा एक थर, लाकडाचा एक थर अशी रचलेली असतात. तिकडे या पद्धतीला ‘काठकुणी’ म्हणतात. हे मी आबांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून फक्त कोपरे बघितले.

मुलांसाठी मुद्दे

पुढच्या वेळी ‘थंड हवेचे ठिकाण’ हा निबंध देताना मी फळ्यावर हे मुद्दे लिहिणार आहे. तुम्हीही वापरून बघा.

१. तुमच्या घरात कोण काय काम करतं? त्या माणसाला या ठिकाणी काय बघायला आवडेल?
२. तिथल्या एका दाराचं किंवा खांबाचं वर्णन करा. तो कशाचा आहे? कसा जोडला आहे?
३. तिथली तीन झाडं ओळखा. त्यांचा घरात, शेतात काय उपयोग होतो ते एखाद्या मोठ्या माणसाला विचारा.
४. तिथल्या लोकांची घरं कशी आहेत? तशी का आहेत?
५. तुम्ही कशाला हात लावून बघितला?

गवंड्याची मुलगी दगडी भिंत लिहील. कुंभाराचा मुलगा माती लिहील. गुराख्याचा मुलगा गवताबद्दल लिहील, आणि ते आपल्याला माहीत नसलेलं असेल. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी लहानपणी ‘सुतार’ लिहायच्या ऐवजी ‘शेती’ लिहीत असे. आमच्याकडे शेत नव्हतंच. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

वर्गात आलेला गुण्या

तोरणमाळहून आल्यावर आबांनी चारही मुठी पटाश्यांना परत बसवल्या. थरथरत्या हातांनी, सावकाश, दोन दिवस लावून. भंगारवाला आला तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवलं.

गेल्या महिन्यात आबांना मी शाळेत बोलावलं. धारेची हत्यारं लहान मुलांत नकोत, म्हणून फक्त गुण्या आणला. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. चौथीला ‘कोन’ शिकवत होते. पुस्तकातला काटकोन मुलांनी पाठ केला होता. आबांनी गुण्या फळ्याच्या कोपऱ्याला लावला आणि म्हणाले, उजेड दिसला तर खोटा, नाही दिसला तर खरा.

मग त्यांनी दोरी मागितली. तीन हात, चार हात, पाच हात अशी त्रिकोणात धरली, तीन आणि चारच्या मधला कोन गुण्याने तपासला. काटकोन! पायथागोरसचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही. घराचा पाया ते आयुष्यभर असाच आखत आले.

पुढचा अर्धा तास माझा वर्ग माझ्या हातात राहिला नाही. मुलं गुण्या घेऊन शाळाभर पळाली. खिडकी तपासली, कपाट तपासलं, बाक तपासले, मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार तपासलं. एक मुलगी धापा टाकत आली, “बाई, तुमच्या टेबलाचा कोपरा खोटा शे!”

मी आबांकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते. वाकून त्यांनी पायाचा सांधा हलवून पाहिला आणि विचारलं, “पाचर शे का कोठे?”